दात येणाऱ्या बाळासाठी घरी शिवलेली गार पट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीला साडेपाचव्या महिन्यात दात शिवशिवायला लागले तेव्हा मी पहिली पट्टी शिवली, मग नणंदेच्या बाळाला, मग खालच्या मजल्यावरच्या जुळ्यांना, आणि आता ज्यांच्या घरी बाळ आहे ते कुणीतरी आठवड्याला एकदा तरी फोन करून तेच विचारतं. म्हणून एकदा बसून सगळं नीट लिहिते.

गार पट्टी म्हणजे नक्की काय?

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून शिवलेली तळहाताएवढी पट्टी. तिचं एक टोक ओलं करायचं, घट्ट पिळायचं, फ्रीजमध्ये गार करायचं आणि बाळाला मांडीवर घेऊन चघळायला द्यायचं. आत काहीही भरायचं नाही. गारवा येतो तो कापडात मुरलेल्या पाण्यामुळे, आणि हिरडीला बरं वाटतं ते गारव्यानं आणि चावताना पडणाऱ्या दाबानं, दोन्हींनी मिळून.

आत तांदूळ किंवा जेल भरलं तर जास्त वेळ गार राहील ना? मग का नको?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी जरा लांबवणार आहे.

मी स्वतः पहिली शिवली होती ती तांदूळ भरूनच. मोठ्यांच्या मानदुखीला करतो ना तशी छोटी पिशवी, चार बाजूंनी मशीनची टीप, दिसायला इतकी छान झाली होती की फोटो काढून आईला पाठवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी ती चघळत होती आणि तिच्या लाळेऱ्यावर मला एक तांदळाचा दाणा दिसला. आधी वाटलं स्वयंपाकघरातून माझ्याच हाताला लागून आला असेल. मग दुसरा दिसला, लाळेनं फुगलेला, मऊ पडलेला. पिशवी उलटी करून बघितली तर कोपऱ्यातली टीप दोन टाके उसवली होती, नखाएवढं भोक. मी तिच्या तोंडात बोट फिरवलं तर तिसरा दाणा गालाच्या आत चिकटलेला. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी नियमच केला की जी वस्तू बाळाच्या तोंडात जाणार आहे तिच्यात भरण नको. कुठलंच नको. तांदूळ, नाचणी, जवस ओले झाले की फुगतात, आंबतात, बुरशी धरतात आणि शिवण आतून ताणतात. मोहरी तर दाण्याएवढीच असते, श्वासात गेली तर कळणारही नाही. स्पंजचे आणि फोमचे तुकडे पडतात. कापूस लगदा होतो आणि आत वाळतच नाही. मोठ्यांच्या गुडघ्याला लावायच्या जेल पॅकमधलं द्रव्य बाळाच्या तोंडासाठी बनवलेलंच नसतं, आणि पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी दात फुटलेलं बाळ एका चाव्यात फोडू शकतं. कापडाचे थर मात्र उसवले तरी कापडच राहतात. गार जास्त वेळ राहत नाही हे खरंय, पण दुसरी पट्टी फ्रीजमध्ये तयार ठेवली की काम भागतं.

कापड कुठलं घ्यायचं?

जितकं जुनं तितकं चांगलं. आजोबांचं धोतर, आजीचं सुती लुगडं, पंचा, मलमलचे लंगोट. शंभरदा धुतलेल्या कापडाचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो, आटायचं ते आटलेलं असतं आणि ते पाणीही पटकन धरतं. नवीन मलमल घेतली तर तिला खळ असते, ती आधी गरम पाण्यात भिजवून दोनदा धुवा, नाहीतर पाणी वरून ओघळून जातं आणि शिवल्यावर पट्टी आटून वाकडी होते ते वेगळंच.

टेरीकॉट, सिंथेटिक साडी, नायलॉन नको. टर्किश टॉवेलचे लूप दाताला अडकतात आणि धागे सुटतात, म्हणून बाहेरून नको. गडद रंगाचं कापड असेल तर ओलं करून पांढऱ्या रुमालावर चोळून बघा, रंग लागला तर ते कापड बाद. आणि बटण, मणी, टिकल्या, लेस, घुंगरू, रिबीन यातलं काहीही लावू नका, कितीही गोड दिसत असलं तरी.

शिवायची कशी? पहिल्यांदाच शिवतेय, सविस्तर सांगा.

शिवून झालेली पट्टी १० सेंमी रुंद आणि १६ सेंमी लांब हवी. त्यासाठी बाहेरचे दोन तुकडे १२ बाय १८ सेंमीचे कापा, म्हणजे चारी बाजूंनी १ सेंमी शिवणीला राहतं. मग मलमलचे किंवा धोतराचे चार तुकडे १२ बाय ९ सेंमीचे. हे आतले थर, ते पट्टीच्या फक्त अर्ध्या भागात जातात. जाड अर्धं टोक ओलं करायचं, पातळ अर्धं टोक बाळानं धरायचं, म्हणजे बोटं गारठत नाहीत. ही अर्ध्या-अर्ध्याची युक्ती मला दुसऱ्या पट्टीनंतर सुचली, त्याआधी मुलगी गार लागलं की पट्टी फेकून द्यायची.

बाहेरच्या एका तुकड्याच्या उलट्या बाजूवर ते चार थर एका टोकाला कडेला कड जुळवून ठेवा आणि कच्चा टाका घालून पक्के करा. आता बाहेरचे दोन्ही तुकडे सुलट बाजू आत येईल असे समोरासमोर ठेवा आणि कडेपासून १ सेंमीवर चारी बाजूंनी टीप मारा, फक्त पातळ टोकाला ५ सेंमी जागा उघडी सोडा. आतले थर तीन बाजूंनी याच टिपेत अडकतात, त्यामुळे ते नंतर गोळा होत नाहीत. टीप बारीक ठेवा, मशीनचा टाका २ मिमीच्या आसपास. सुई १४ नंबरची चालते, कापड जाड असेल तर १६. सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे टीप मारायला विसरू नका, उसवायला सुरुवात तिथूनच होते. मग कोपरे तिरके कापा (टिपेला कात्री लागू देऊ नका), पट्टी उलटवून सुलट करा, कोपरे बाहेर काढायला सुई नको, बोथट पेन्सिल घ्या.

उघडी राहिलेली कड आत दुमडा आणि आता वरून सगळीकडे कडेपासून ३ मिमीवर एक टीप, तिच्या आत अर्ध्या सेंमीवर दुसरी. त्यानंतर माझ्या आवडीचं काम. आमच्या साताऱ्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, काही ठिकाणी गोधडी म्हणतात, तिला बाहेरच्या कडेपासून सुरू करून आत आत येत चौकोनात चौकोन असे धावदोऱ्याचे टाके घालत मध्यापर्यंत जातात. अगदी तसंच इथे करायचं. प्रत्येक फेरी साधारण १ सेंमी आत. माझी आजी म्हणायची की वाकळेचा एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो, आणि चघळायच्या पट्टीत नेमकं हेच हवं असतं. शिवाय टाक्यांमुळे कापडावर ज्या बारीक रेघा उठतात ना, त्या हिरडीला घासल्या की बाळांना फार आवडतं.

दोरा चांगला पॉलिएस्टरचा घ्या, जुन्या रिळातला सुती दोरा कुजलेला असतो. हातानं दोन्हीकडून ओढून बघा, तटकन तुटला तर तो वापरू नका.

मशीन नाहीये, हातानं चालेल का?

चालेल, फक्त कडेला धावदोरा पुरत नाही, उलट टीप घाला. एक टाका पुढे जाऊन मागच्या टाक्याच्या टोकाशी परत यायचं, म्हणजे दोरा कुठे तुटला तरी पूर्ण शिवण सरकत नाही. गाठी सगळ्या आतल्या थरांत लपवा. आणि टाचण्या मोजून घ्या, मोजून परत ठेवा. मी दहाच काढते आणि शिवून झाल्यावर दहा परत डबीत पडल्याशिवाय उठत नाही.

पट्टी केवढी असावी, लहान केली तर बाळाला धरायला सोपी नाही का पडणार?

लहान नका करू. खेळण्यांच्या सुरक्षेच्या चाचणीत ३.२ सेंमी व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. आपलं १० रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं, म्हणजे धोका त्याच्याहून मोठ्या वस्तूचाही आहे. आणि कापड दाबलं की लहान होतं हे लक्षात ठेवा. लांबडी अरुंद शेपटीसारखीही नको, ती घशापर्यंत जाते आणि बाळाला उमासे येतात.

गार कशी करायची? फ्रीझरमध्ये पटकन होईल ना?

फ्रीझर नको. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, त्यातून आलेलं ओलं कापड दगडासारखं होतं, ओल्या हिरडीला आणि ओठाला चिकटतं, आणि नाजूक कातडीला गारठ्यानं इजा होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा टीदर (दात येताना बाळाला चावायला द्यायचं खेळणं) गोठवून देऊ नका असंच सांगते.

उकळून गार केलेलं पाणी घ्या, जाड टोक बुडवा, इतकं पिळा की धरल्यावर थेंब पडणार नाही (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात वरचं पाणी जायला नको म्हणून), मग झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डब्यात ठेवून अर्धा तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. डबा कशाला, तर फ्रीजमध्ये कच्चं मटण, निवडलेली भाजी, उघडी वाटी असं सगळं असतं. काढल्यावर आधी स्वतःच्या ओठाला लावून बघा. गार वाटलं पाहिजे, झोंबलं नाही पाहिजे. दुधात भिजवून द्यायची असेल तर आईचं दूध चालतं, पण मग पट्टी त्याच वेळी धुवायची, तशीच परत फ्रीजमध्ये नाही ठेवायची.

आमच्याकडे फ्रीज नाही / उन्हाळ्यात लाईट खूप जाते.

माठ आहे ना? पट्टी स्टीलच्या बंद डब्यात घाला, डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि माठाच्या शेजारी वारा लागेल अशा सावलीत ठेवा. फडक्यातलं पाणी उडतं तसा डबा गार होतो, माठाचं तत्त्व तेच आहे. विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असते तिथे हे फार छान होतं, कोकणात दमट हवेमुळे कमी. फ्रीजइतकं गार नाही होत, पण बाळाला तेवढं पुरतं, आपल्या आज्यांनी ओलं फडकंच दिलं होतं.

किती वेळ द्यायची? रात्री झोपताना हातात दिली तर?

पाच ते दहा मिनिटं. तेवढ्यात ती तशीही कोमट होते, मे महिन्यात तर आणखी लवकर. दिवसातून तीन-चारदा चालेल. झोपेत अजिबात नाही, पाळण्यात नाही, गाडीत मागच्या सीटवर एकट्याच्या हातात नाही. आणि दोरीनं गळ्यात बांधायची नाही, सेफ्टी पिननं झबल्याला लावायची नाही. पडली तर दुसरी द्या, एवढंच.

गालाला बाहेरून गार शेक दिला तर?

मला विचाराल तर गरज नाही. बाळाच्या गालातली चरबी मोठ्यांपेक्षा लवकर गारठून घट्ट होते, बर्फ किंवा फार गार पॅक गालाला जास्त वेळ लागला तर एक-दोन दिवसांनी तिथे लालसर कडक गाठ येऊ शकते. ती आपोआप जाते पण घरातले सगळे घाबरतात. साध्या पाण्यात पिळलेला रुमाल मिनिटभर लावला तर पुरे.

सासूबाई म्हणतात मधात टाकणखार खलून हिरडीला चोळ, दात सुखानं येतात.

हे आमच्याही घरात झालंय, आणि सांगणाऱ्याच्या मनात बाळाची काळजीच असते, म्हणून भांडून नका सांगू, पण ठामपणे नाही म्हणा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाच्या पोटात गेला तर विषारी असतो, झटके येऊ शकतात. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही, स्नायू लुळे पडतात. म्हणून वर्ष होईपर्यंत मध बोटभरही नाही, उष्टावणाच्या दिवशीसुद्धा नाही. मी सासूबाईंना डॉक्टरांकडे सोबतच घेऊन गेले, त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर त्यांनी परत विषय काढला नाही, उलट आता पट्ट्यांसाठी लुगडी फाडून त्याच देतात.

मेडिकलमध्ये हिरडीला लावायचं जेल मिळतं, ते आणि ही पट्टी एकत्र वापरू का?

बेन्झोकेन किंवा लिडोकेन असलेलं बधिर करणारं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला नको. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारच्या अन्न-औषध विभागानं, लिडोकेनबद्दल २०१४ मध्ये आणि बेन्झोकेनबद्दल २०१८ मध्ये इशारा दिलाय. बेन्झोकेननं क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद एकदम घटते. लाळेबरोबर जेल पाच मिनिटांत गिळलंही जातं, मग उपयोग काय? दात येण्याच्या होमिओपॅथिक गोळ्यांबद्दलही २०१६ मध्ये तिथेच इशारा आला होता, त्यातल्या बेलाडोना या विषारी वनस्पतीमुळे. फारच कुरकुर असेल तर पॅरासिटामॉल द्यायचं का आणि बाळाच्या वजनाप्रमाणे किती, ते डॉक्टरांना विचारून.

ताप आणि जुलाब दातांमुळेच होतात ना?

नाही, आणि या एका समजुतीमुळे बाळं उशिरा दवाखान्यात पोचतात म्हणून जरा जोरात सांगते. दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं, पण १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर तो ताप आहे आणि त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. साधारण सहाव्या महिन्यात दात यायला लागतात, त्याच सुमारास आईकडून जन्माआधी मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, वरचं अन्न सुरू होतं आणि बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. जुलाब त्यातून होतात. जुलाब झाले तर जलसंजीवनी, आईचं दूध चालू, आणि डॉक्टर, ते झिंकही लिहून देतात. टाळू खोल गेली, सू कमी झाली, बाळ मलूल पडलं तर तर वाट बघूच नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

धुवायची कशी? पावसाळ्यात वाळतच नाही.

प्रत्येक वापरानंतर साध्या साबणानं धुवा, खळखळून भरपूर पाण्यात काढा, आणि दिवसातून एकदा दहा मिनिटं उकळा. सुगंधी कम्फर्ट वगैरे नको, त्यानं कापड पाणीही कमी धरतं आणि तो वास थेट तोंडात जातो. उन्हात कडकडीत वाळवा. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा, आतले टाके कोरडे झाले का ते हाताला नाही कळत, ओठाला लावलं की कळतं. आंबूस वास किंवा काळे ठिपके दिसले तर उकळून वापरायचा मोह नको, टाकून द्या.

सहा पट्ट्या शिवून ठेवल्या तर सोपं जातं, दोन वापरात, दोन फ्रीजमध्ये, दोन दोरीवर. आणि रोज देण्याआधी पट्टी उजेडात धरून चारी कडा ओढून बघा.

वरचे दात आधी आले तर मामाला वाईट असतं म्हणतात.

बऱ्याच बाळांना खालचे पुढचे दोन आधी येतात, काहींना वरचे. मामाचा काही संबंध नाही. चौथ्या महिन्यापासून वर्षापर्यंत कधीही पहिला दात आला तरी ठीक, दीड वर्ष होत आलं आणि एकही नाही तर दाखवून घ्या.

लाळेनं हनुवटीला आणि मानेला पुरळ येतंय.

लाळेरं दिवसातून पाच-सहा वेळा बदला, हनुवटी पुसायची नाही, टिपायची. कोरडी झाली की खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ थर.

दात दिसायला लागला, आता पट्टी बंद करायची का?

नाही, कारण एकूण २० दुधाचे दात यायचे असतात आणि ते अडीच-तीन वर्षांपर्यंत येत राहतात. पुढच्या दातांपेक्षा साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढा जास्त सतावतात, त्या मागे असतात म्हणून तेव्हा आतले थर चारऐवजी सहा घाला. पण आता बाळाला चावता येतं हे विसरू नका, दातानं एक टाका जरी तुटलेला दिसला तरी ती पट्टी बाद, शिवून परत वापरू नका.

पहिला दात दिसला की त्या दिवसापासून घासायचाही, बाळाचा मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. आमच्याकडे मुलीला ब्रश पकडू द्यायला लागले तर ती आधी रडायची, मग मी तिच्या एका हातात पट्टीचं कोरडं टोक दिलं आणि दुसऱ्या बाजूनं मी घासलं, तेव्हापासून रोज सकाळी ती पट्टी स्वतःच मागते.